बापलेकांच्या धमन्या

मार्च महिना होता आणि सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हंगाम ऐन भरात होता. त्या दुपारी अडत दुकानात दिवाणजी असलेले 39 वर्षांचे एक गृहस्थ वडिलांना सोबत घेऊन माझ्याकडे स्वतःच्या सोनोग्राफीसाठी आले. डाव्या डोळ्यापुढे दोन मिनिटे अंधारी येऊन आपोआप गेली, एवढीच त्यांची तक्रार होती; परंतु डोळ्याकडे जाणारा रक्तप्रवाह क्षणभर अडल्याचे ते लक्षण असू शकते आणि पक्षाघाताची पूर्वसूचनाही ठरू शकते, म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी मानेचा डॉपलर, म्हणजे धमन्यांमधला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, तातडीने करायला सांगितला होता.

वजन 94 किलो, उंची 168 सेंटीमीटर आणि कमरेचा घेर 108. आपल्याकडील पुरुषांसाठी हा घेर 90 च्या आत असावा असे मानतात. रक्तदाब मी रुंद पट्ट्याने मोजला, कारण जाड दंडावर नेहमीचा पट्टा दाब खोटाच जास्त दाखवतो. तरीही तो 150/96 भरला.

मानेला जेल लावून प्रोब टेकवला. निरोगी धमनीची आतली कड पडद्यावर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक आणि सलग दिसते. इथे ती 1.1 मिलिमीटर जाड होती, आणि धमनीला जिथे दोन फाटे फुटतात तिथे काळसर, मऊ थर साचलेला होता. असा मऊ थर मला नेहमीच अधिक धास्तावतो, कारण तो फुटण्याची भीती जास्त असते.

"डॉक्टर, मी विडी-तंबाखूला शिवत नाही, शुगरही नॉर्मल आहे. मग हे आलं कुठून?" त्यांनी विचारले.

मी पोटाकडे बोट दाखवले. आतड्यांभोवतीची चरबी नुसती साठून राहत नाही. ती रक्तात सतत मेदाम्ले आणि दाह वाढवणारी द्रव्ये सोडत असते, आणि धमन्यांना जपणारे ॲडिपोनेक्टिन हे संप्रेरक मात्र कमी होत जाते. धमनीचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करून तिला सैल ठेवते (याच शोधाला 1998 चे नोबेल मिळाले). ते काम मंदावले की धमनी ताठ होते, दाब चढतो आणि अस्तराखाली कोलेस्टेरॉल मुरू लागते. दुखत काहीच नसल्यामुळे माणसाला वर्षानुवर्षे याचा पत्ता लागत नाही.

वडील इतका वेळ दाराशी उभे होते. वय 71, त्याच यार्डात जन्मभर हमाली केलेली, अंगावर मांस बेताचेच. "माझीबी बघा की एकदा," ते म्हणाले. मी पाहिली. 0.8 मिलिमीटर, कड गुळगुळीत, कुठेही थर नाही. एका जोडीवरून सिद्धांत मांडता येत नाही हे मी जाणतो; परंतु त्यांचे रक्त मुलातही होते, आणि तरीही बत्तीस वर्षांनी लहान असलेल्या मुलाची धमनी वडिलांच्या धमनीपेक्षा म्हातारी दिसत होती. मुलगा त्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिला.

आठ महिन्यांनी ते पुन्हा आले. गोळ्या नियमित चालू होत्या, सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंतची चाल चुकत नव्हती. वजन 85, घेर 98, दाब 128/82. धमनीची जाडी मात्र तेवढीच, 1.1. त्यांचा चेहरा उतरला. अस्तराचे काम लवकर सुधारते, साचलेले इतक्यात ओसरत नाही, हे मी त्यांना न लपवता सांगितले. थर मात्र वाढलेला नव्हता आणि पूर्वीपेक्षा उजळ, म्हणजे घट्ट दिसत होता. ती कड मी बोटाने पडद्यावर दाखवली, तेव्हा त्यांनी पुढच्या तपासणीची तारीख विचारली.