बत्तीस घटकांचा ग्रुप आणि उणे दोनचं वर्गमूळ

ही नोंद जवळजवळ पूर्णपणे एकाच उदाहरणाची आहे. सध्या माझं वाचन नॉर्मलायझर प्रश्नावर चालू आहे; तो प्रश्न खाली लगेच येतो. वाचताना सारखं वाटत होतं की प्रमेयांची यादी वाढतेय, पण हाताशी खेळवायला एकही ग्रुप नाही. आता तो मिळाला, आणि अपेक्षेपेक्षा खूप जास्त बोलका निघाला.

आधी नॉर्मलायझर प्रश्न नीट मांडते. ग हा सांत ग्रुप, पू[ग] ही त्याची पूर्णांकी ग्रुप रिंग, म्हणजे पूर्णांक सहगुणक घेऊन केलेल्या ग च्या घटकांच्या बेरजा. या रिंगमधलं उ हे युनिट (व्यस्त असलेला घटक) असं असेल की उ^-१ · ग · उ = ग, तर उ मुळे ग चा एक ऑटोमॉर्फिझम, म्हणजे गुणाकार जपणारी ग ची स्वतःवरची अदलाबदल, मिळतो. ग मधलाच घटक किंवा रिंगच्या सेंटरमधलं (सगळ्यांशी कम्यूट होणारं) युनिट घेतलं तर मिळणारा ऑटोमॉर्फिझम अर्थातच इनर, म्हणजे ग च्याच एखाद्या घटकातून येणारा; बाकीचे आउटर. यापलीकडचं काही पू[ग] मध्ये लपलेलं असू शकतं का? म्हणजे ग च्या स्वतःच्या घटकांना जमत नाही असा आउटर ऑटोमॉर्फिझम ग्रुप रिंगचं एखादं युनिट घडवून आणू शकतं का?

पहिली अट लगेच मिळते. ग्रुप रिंगमध्ये कख आणि खक यांच्या सहगुणकांची बेरीज प्रत्येक कॉन्जुगसी क्लासवर (ज आणि त्याचे ह^-१ · ज · ह असे सगळे कॉन्जुगेट मिळून एक क्लास) सारखीच येते. त्यामुळे उ^-१ · ज · उ हा ग चाच घटक असेल तर तो ज च्याच क्लासमध्ये असणार. थोडक्यात, असा ऑटोमॉर्फिझम प्रत्येक घटकाला त्याच्या कॉन्जुगेटकडेच नेतो. अशांना आपण क्लास-प्रिझर्व्हिंग म्हणतो. इनर ऑटोमॉर्फिझम तसे असतातच. आउटर असूनही क्लास-प्रिझर्व्हिंग असणारे बर्नसाइडने १९१३ मध्ये दाखवले, आणि १९४७ मध्ये जी. ई. वॉलने ३२ घटकांचा ग्रुप दिला. माझं उदाहरण वॉलचंच आहे.

गॅप या ग्रुपांच्या संगणक-प्रणालीवर ३२ घटकांचे सगळे ५१ ग्रुप चाळले. त्यांतले दोनच असे निघतात, स्मॉलग्रुप यादीतले ४३ आणि ४४ क्रमांकाचे. ३२ पेक्षा लहान ग्रुपांत एकही नाही. ४३ क्रमांकाचा ग्रुप म्हणजे ८ घटकांच्या सायक्लिक ग्रुपचा होलोमॉर्फ. तो हाताने मांडायला इतका सोपा आहे की संगणक बाजूला ठेवून पुढचं सगळं कागदावर केलं.

घटक असे: मॉड्युलो ८ मध्ये क्ष ला क·क्ष + ब कडे नेणारी फलनं, जिथे क हा १, ३, ५, ७ यांपैकी एक आणि ब कुठलाही. घटक (ब, क) असा लिहू. (१, १) म्हणजे एकाने सरकवणं, त्याला त म्हणू, आणि म = त^४. चारला कुठल्याही विषम संख्येने गुणलं तरी मॉड्युलो ८ मध्ये चारच येतात, म्हणून म सगळ्यांशी कम्यूट होतो.

कॉन्जुगसी क्लास मोजणंही सोपं. (ब, क) च्या क्लासमध्ये (न·ब + (१−क)·स, क) या रूपाचे सगळे घटक येतात, न विषम आणि स कुठलाही. क = ३ किंवा ७ असेल तेव्हा ब सम की विषम एवढंच उरतं. क = ५ असेल तेव्हा ब ला ४ ने भागल्यावरची बाकी ०, २ की विषम हे पाहायचं. क = १ साठी चार क्लास: फक्त ०, फक्त ४, २ आणि ६ ची जोडी, सगळे विषम. एकूण ४ + २ + ३ + २ = ११.

आता ऑटोमॉर्फिझम फ: क हा १ किंवा ३ असेल तर (ब, क) जागच्या जागी, ५ किंवा ७ असेल तर ब मध्ये ४ मिळवायचे. १ आणि ३ मिळून गुणकांचा अर्धा सबग्रुप होतो, आणि म सेंटरमध्ये आहे, म्हणून हा खरंच ऑटोमॉर्फिझम आहे. वरची क्लासांची यादी समोर धरली की तो क्लास-प्रिझर्व्हिंग आहे हेही दिसतं: ५ आणि ७ च्या ओळींत चार मिळवल्याने क्लास बदलत नाही. इनर मात्र नाही. इनर असता तर त ला स्थिर ठेवण्यासाठी तो नुसत्या सरकवण्यातून यावा लागला असता. स ने सरकवलं तर ३ च्या ओळीत −२स मिळतात आणि ५ च्या ओळीत −४स. पहिले शून्य हवेत तर स हा ० किंवा ४, आणि मग दुसरेही शून्यच होतात. आपल्याला दुसरे ४ हवे आहेत.

इथपर्यंत जुनंच गणित. मला खरं कुतूहल होतं ते पुढच्या पायरीचं. फ सगळे क्लास जागेवर ठेवतो, म्हणून परिमेय ग्रुप रिंग प[ग] चं सेंटर तो हलवत नाही. मग स्कोलेम–नोथरच्या प्रमेयानुसार प[ग] मध्ये असं युनिट असायलाच हवं जे फ घडवून आणतं. पूर्णांकांत नसेल, पण परिमेय संख्यांत आहेच. ते दिसतं कसं?

प[ग] चे दोन तुकडे करू: (१+म)/२ आणि (१−म)/२. पहिल्या तुकड्यात म = १, तिथे फ काहीच करत नाही. दुसऱ्यात म = −१, तिथे फ फक्त चिन्ह बदलतो: ५ आणि ७ च्या ओळींतले घटक उणे होतात. दुसरा तुकडा १६ मितींचा आहे आणि ४×४ च्या परिमेय मॅट्रिक्सांसारखा वागतो. त्यात त म्हणजे एकाचं आठवं प्रिमिटिव्ह मूळ, आणि गुणक ३, ५, ७ हे त्या मुळाचे ३, ५, ७ घात करणारे गॅल्वा ऑटोमॉर्फिझम. म्हणजे शोध एका अशा संख्येचा, जी ३ ने बदलत नाही आणि ५ व ७ ने उणे होते. ती त + त^३. तिचा वर्ग करा: त^२ + २त^४ + त^६. म = −१ असल्यामुळे त^६ = −त^२, आणि उरतात −२.

म्हणजे हा आउटर ऑटोमॉर्फिझम घडवून आणणारी वस्तू उणे दोनचं वर्गमूळ आहे! हे दिसल्यावर बराच वेळ पुढे जाववलं नाही. पूर्ण युनिट असं:

उ = ½ (१ + त^४ + त + त^३ − त^५ − त^७)

व्यस्तही लगेच मिळतं: ½ (१ + त^४) − ¼ (त + त^३ − त^५ − त^७). दोघांचा गुणाकार करून पाहा, एक येतो. छेदांत दोनाशिवाय कुठलाही प्राइम नाही. दोनाने भागायची मुभा असलेल्या कुठल्याही रिंगवर, म्हणजे पू मध्ये फक्त ½ टाकला तरी, फ हा युनिटातून येतो.

आणि पूर्णांकांवर? तिथे हे युनिट हवं तसं बदलायला फक्त सेंटरच्या गुणकांची मोकळीक आहे. दुसऱ्या तुकड्यात ती एका परिमेय संख्येएवढीच, तिला च म्हणू. ग हा ग्रुप आठव्या मुळाच्या पूर्णांक बहुपदींवर क्रिया करतो, म्हणून पू[ग] चा प्रत्येक घटक तिथे ४×४ पूर्णांक मॅट्रिक्स होतो, आणि युनिटाचा निश्चयक +१ किंवा −१ असतो. च·(त + त^३) चा निश्चयक येतो ४च^४. तो ±१ व्हायचा तर च^४ = ±¼, आणि अशी परिमेय संख्या नाही. वाट बंद. या ग्रुपसाठी एवढ्या एका ओळीत निकाल लागतो याचा मला मनापासून आनंद झाला.

पण या युक्तीला मर्यादा आहे. पूर्णांकांत उणे दोनचं वर्गमूळही घातलं तर च म्हणून त्याचं व्यस्त घेता येतं आणि निश्चयक १ होतो. निश्चयकाची अडचण संपली, तरी युनिट मिळत नाहीच. कारण त्या रिंगमध्ये दोनला व्यस्त नाही, आणि तेवढ्यावर कोलमनचा १९६४ चा लेमा उभा आहे. निश्चयक एकच तुकडा पाहतो. दोन तुकडे एकमेकांना कसे जोडलेत हे त्याला दिसत नाही. कोलमनला दिसतं.

त्याची सिद्धता इतकी छोटी आहे की इथेच देते. प (इथे परिमेय संख्यांचा प नव्हे) हा ग चा सबग्रुप, त्याच्या घटकांची संख्या कुठल्यातरी प्राइमचा घात, आणि तो प्राइम रिंगमध्ये व्यस्त नसलेला. उ^-१ · ज · उ = फ(ज) म्हणजे ज^-१ · उ · फ(ज) = उ. आता प ला ग वर अशी क्रिया करू द्या: ज ने ह ला ज^-१ · ह · फ(ज) कडे न्यायचं. उ बदलत नाही, म्हणजे उ चे सहगुणक प्रत्येक ऑर्बिटवर सारखे. ऑर्बिट एकतर एका घटकाची, नाहीतर प्राइमने भाग जाणाऱ्या आकाराची. सगळ्या सहगुणकांची बेरीज हे रिंगचं युनिट, तिला तो प्राइम भागत नाही, म्हणून एकट्या राहिलेल्या घटकांवर शून्य नसलेला सहगुणक असणारच. असा एक ह घ्या: सगळ्या ज साठी फ(ज) = ह^-१ · ज · ह. म्हणजे प वर तरी फ हा ग च्याच एका घटकाने केलेलं कॉन्जुगेशन आहे.

आपला ग ३२ घटकांचा, म्हणजे स्वतःच असा प. लेमा लावला की फ इनर असायला हवा, आणि तो नाही. प्राइमच्या घाताएवढे घटक असलेल्या सगळ्या ग्रुपांसाठी नॉर्मलायझर प्रश्न असा दोन वाक्यांत सुटतो, आणि निलपोटंट ग्रुपांसाठी (म्हणजे अशा ग्रुपांच्या डायरेक्ट गुणाकारांसाठी) फारसं जास्त काही करावं लागत नाही. अडचण तेव्हा येते जेव्हा वेगवेगळ्या प्राइमसाठी वेगवेगळा ह लागतो आणि त्यांचा मेळ बसत नाही.

दुसरी एक गोष्ट याच काळात स्वच्छ झाली, ती क्रेम्पाची: उ मधून येणाऱ्या फ चा वर्ग नेहमी इनर असतो. उ* म्हणजे उ मधल्या प्रत्येक ग्रुप-घटकाच्या जागी त्याचा व्यस्त ठेवून मिळणारी बेरीज. उ ग ला नॉर्मलाइज करत असेल तर उ·उ* सेंटरमध्ये येतो. मग व = उ* · उ^-१ साठी व·व* = १. यातला एकाचा सहगुणक म्हणजे व च्या सहगुणकांच्या वर्गांची बेरीज. पूर्णांकांच्या वर्गांची बेरीज १, म्हणून व हा ग चाच एखादा घटक, फार तर उणे चिन्हासह. आणि दोन्हीकडच्या सहगुणकांची बेरीज सारखी असल्याने चिन्हही अधिकच. यातून फ चा वर्ग इनर निघतो. वर्गांच्या बेरजेसाठी सहगुणक पूर्णांक असणं किती कामी येतं ते पाहा. ही युक्ती परिमेय संख्यांवर अजिबात चालत नाही.

विषम संख्येचे घटक असलेल्या ग्रुपांचा निकाल इथून एका पावलावर आहे. क्लास-प्रिझर्व्हिंग ऑटोमॉर्फिझमचा ऑर्डर ग च्या घटकसंख्येला न भागणारा एखादा प्राइम असेल, तर प्रत्येक क्लासमध्ये त्याचा एक स्थिर घटक सापडतो, कारण क्लासचा आकार त्या प्राइमने भागला जात नाही. मग स्थिर घटकांचा सबग्रुप प्रत्येक क्लासला छेदतो, आणि सांत ग्रुपमध्ये हे फक्त संपूर्ण ग्रुपलाच जमतं. म्हणून विषम ग मध्ये फ चा ऑर्डर विषम, वर्ग इनर, म्हणजे फ स्वतः इनर. याकोव्स्की आणि मार्चिनियाक यांनी १९८७ मध्ये यापेक्षा बरंच जास्त दिलं: ज्यांचा २-सायलो सबग्रुप (२ च्या शक्य तेवढ्या मोठ्या घाताएवढे घटक असलेला) नॉर्मल आहे असे सगळे ग्रुप.

सर्वसाधारण उत्तर मात्र नकारार्थी आहे. हर्टवेकने २ चा २५ वा घात गुणिले ९७ चा वर्ग इतक्या घटकांचा मेटाबेलियन (कम्यूटेटर सबग्रुप आबेलियन असलेला) ग्रुप दिला, ज्याच्या पूर्णांकी ग्रुप रिंगमध्ये आउटर ऑटोमॉर्फिझम घडवणारं युनिट आहे. त्याच विचारातून त्याने हिगमनच्या १९४० च्या काळातला आयसोमॉर्फिझम प्रश्नही सोडवला: २ चा २१ वा घात गुणिले ९७ चा २८ वा घात इतक्या घटकांचे दोन वेगळे ग्रुप, ज्यांच्या पूर्णांकी ग्रुप रिंग एकच. २००१ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

एका प्रश्नातून दुसरा कसा निघतो हे समजून घ्यायचं तर अनंत ग्रुपांपासून सुरुवात करणं सोपं जातं, आणि मझूरने नव्वदच्या दशकात हेच केलं. क्ष हा सांत ग्रुप, उ हे पू[क्ष] मधलं असं युनिट की ते फ हा आउटर ऑटोमॉर्फिझम देतं. क्ष आणि अनंत सायक्लिक ग्रुप यांचा डायरेक्ट गुणाकार घ्या, सायक्लिकचा जनक ट. त्याच्या ग्रुप रिंगमध्ये ट ऐवजी ट·उ पाहा. ट सगळ्यांशी कम्यूट होतो, म्हणून ट·उ क्ष वर फ सारखाच वागतो. क्ष आणि ट·उ मिळून सेमीडायरेक्ट गुणाकार तयार होतो, आणि त्याचे घटकही त्याच रिंगचा बेसिस आहेत. रिंग एक, ग्रुप दोन, आणि फ आउटर असल्याने ते दोन आयसोमॉर्फिक नाहीत. सांत ग्रुपांसाठी ट च्या जागी काय ठेवायचं, हीच हर्टवेकची खरी मेहनत, आणि तिथे मी अजून पहिल्या काही पानांवरच आहे.

सध्या टेबलावर ४४ क्रमांकाचा ग्रुप आहे. त्याच्यातही आउटर क्लास-प्रिझर्व्हिंग ऑटोमॉर्फिझम आहे, तेव्हा प[ग] मध्ये त्याचंही युनिट असणार. ते स्पष्ट लिहून काढायचंय आणि त्याच्या छेदात दोनाचा कोणता घात येतो ते पाहायचंय. कुणी हे आधी केलं असेल तर त तसाच ठेवून उ कसा दिसतो तेवढं जरूर लिहा.