रसाचे चार ग्लास आणि पुठ्ठ्याची एक पट्टी: पाचवा नमुना

मंडळी, पुठ्ठ्याच्या एकाच पट्टीला घड्या घालून चार ग्लास एका हातात नेता येतील असं साधन बनवतेय, त्याचा पाचवा नमुना जमला. काल पंचवटीतल्या रसवंतीपासून घरापर्यंत चार ग्लास उसाचा रस चालत आणला. प्रत्येकात साधारण २०० मिली, वर झाकण नाही, अंतर अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. एक थेंब सांडला नाही. आईने ग्लास उचलून खालची फरशी बघितली, तीही कोरडीच होती.

अट पहिल्यापासून तीच आहे: एकच पट्टी, ना डिंक, ना पिना. कापडाच्या पिशवीत ठेवलेले ग्लास एकमेकांवर कलंडतात, आणि हँडलच्या प्लास्टिक पिशव्या तर २०१८ पासून राज्यात बंद आहेत.

पहिल्या तीन नमुन्यांत मी फक्त वरच्या पुठ्ठ्याला भोकं पाडली होती. उचललं की दोन्ही बाजू पंखांसारख्या खाली लोंबायच्या आणि ग्लास बाहेरच्या बाजूला तिरपे व्हायचे. उत्तर चहावाल्याच्या तारेच्या स्टँडमध्ये सापडलं. त्यात ग्लासच्या पोटाला कडं असतं, बुडाला वेगळा आधार असतो आणि उचलायची मूठ या सगळ्याच्या वर असते. म्हणून आता खालच्या पुठ्ठ्यालाही भोकं आहेत. ग्लास दोन ठिकाणी धरला जातो. वरून तो बाहेर झुकायला लागला तर बूड आत सरकायला हवं, पण खालचा पुठ्ठा ते सरकू देत नाही. ग्लास घातले की सगळा सांगाडाच ताठ होतो, रिकामा असताना मात्र तो डुगडुगतो.

मापं माझ्याकडच्या २५० मिलीच्या कागदी ग्लासची आहेत: उंची ९२ मिमी, काठाखाली व्यास ८०, बुडाशी ५६. म्हणजे ९२ मिमी उंचीत व्यास २४ मिमीने वाढतो. भोक १ मिमीने चुकलं तर ग्लास जवळजवळ ४ मिमी वरखाली बसतो, त्यामुळे कंपासने नीट वर्तुळ काढा, अंदाजाने नको. खालचं भोक ५८ मिमी, वरचं ७०, मधल्या भिंती ४६. बूड खाली साधारण ८ मिमी बाहेर राहतं, म्हणून टेबलावर सगळं ग्लासच्या बुडांवरच उभं राहतं.

पट्टी ६९२ × १८० मिमी. एका टोकापासून क्रमाने: मूठ १२०, वरचा अर्धा भाग ९०, भिंत ४६, तळ १८०, भिंत ४६, वरचा दुसरा अर्धा ९०, मूठ १२०. दोन्ही मुठी मधोमध एकमेकींना चिकटून उभ्या राहतात आणि एकीची जीभ दुसरीच्या खाचेत जाते.

पुठ्ठ्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. सुरुवातीला मामांकडच्या द्राक्षाच्या पेट्या उलगडून वापरल्या. पण त्या पेट्यांच्या भिंतींत आतल्या नागमोडी कागदाच्या नळ्या उभ्या असतात, एकावर एक थप्पी लावली तर वजन पेलावं म्हणून. एवढी लांब पट्टी भिंतींना वळसा घालूनच निघते, त्यामुळे नळ्या पट्टीला आडव्या येतात. मग घडी माझ्या रेघेवर न पडता शेजारच्या नळीत सरकते आणि पंखही जास्त लोंबतात. शेवटी अंबडच्या एका बॉक्सवाल्याकडून थ्री-प्लायचे (दोन सपाट कागदांमध्ये एक नागमोडी थर) कोरे तुकडे आणले आणि नळ्या लांबीच्या दिशेने येतील असे कापले. चमच्याच्या दांड्याने रेघ दाबून घेतली की घडी सरळ पडते. फाइव्ह-प्लाय (पाच थरांचा) घेऊ नका, घडीवर तडकतो.

मुठीचं भोक चौथ्या नमुन्यात कोपऱ्यातून फाटलं होतं. आता दोन टोकांना आधी गोल छिद्रं पाडते, मग मधला भाग तीनच बाजूंनी कापून वर दुमडते. बोटांना धार लागत नाही आणि फाटणंही थांबलं.

एक अडचण शिल्लक आहे. ग्लासला प्लास्टिकचा थर फक्त आतून आहे आणि रसात बर्फ, त्यामुळे बाहेरून पाणी सुटतं. वीस मिनिटांत वरच्या भोकाची कड मऊ पडली. मेणबत्ती घासून पाहिली, फरक पडला, पण मेण लागलेला पुठ्ठा रद्दीत टाकायला माझं मन घेत नाही. कोणी दुसरं काही करून पाहिलंय का?

स्कूटरच्या हुकालाही अडकवून पाहिलं. पहिल्याच गतिरोधकावर दोन ग्लास हिंदकळले. हे हातातच न्यायचं साधन आहे, हुकासाठी वेगळा विचार करावा लागेल.

रसवंतीवाल्या काकांनी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, चांगलंय, पण गर्दीत घडी घालायला वेळ कुठला?" मला घडी घालायला चाळीस सेकंद लागतात. जीभ-खाचेची जागा बदलून ते पंधरावर आणायचंय. रविवारी सहा पट्ट्या कापून काकांकडेच ठेवणार आहे, त्यांच्या हाताला किती वेळ लागतो ते पाहायला.