पाच बुशेल सफरचंदं आणि आबा

आबा गेल्या वर्षी सहा महिन्यांसाठी आमच्याकडे मिशिगनला आले होते. उन्हाळा छान गेला, पण ऑक्टोबर लागला तसं त्यांचं लक्ष उडालं. कोल्हापूरकडे दसरा झाला की गुऱ्हाळं पेटतात. आमच्या करवीर तालुक्यातल्या घरच्या गुऱ्हाळावर आबा चाळीस वर्षं उभे राहिलेत, रस आटवायच्या काहिलीपाशी. इथे हाताला काम नाही, नाकाला तो वास नाही. म्हणून एका रविवारी मी त्यांना घेऊन रोचेस्टर हिल्सच्या येट्स सायडर मिलला, म्हणजे सफरचंदाचा रस काढायच्या गिरणीत, गेले.

मिशिगनमध्ये पानं रंगली की सायडर मिलला जायचं, हा इथला रिवाज आहे. फ्रँकलिन गावातली मिल तर १८३७ ची, म्हणजे मिशिगन राज्य झालं त्याच वर्षीची. येट्सची इमारत १८६३ साली क्लिंटन नदीकाठी पीठगिरणी म्हणून उभी राहिली आणि १८७६ पासून तिथे सफरचंदं पिळायला लागले. लोक येतात, दालचिनी-साखरेत घोळवलेले गरम डोनट घेतात, पेलाभर सायडर पितात आणि नदीकाठी बसतात. आबांनी पेला हातात घेतला आणि पहिलं विचारलं, "दारू न्हाई न्हवं ही?" ते माळकरी आहेत. मी सांगितलं की अमेरिकेत सायडर म्हणजे सफरचंदाचा न गाळलेला, गढूळ, ताजा रस. आंबवलेल्याला इथे हार्ड सायडर म्हणतात. इंग्लंडात मात्र नुसतं सायडर म्हटलं तरी दारूच.

मग त्यांनी घोट घेतला, आणि पेला माझ्या हातात देऊन यंत्राकडे गेले. डोनटच्या रांगेत मी अर्धा तास उभी होते, तेवढा वेळ ते काचेपलीकडे बघत होते. तिथली यंत्रं आजही १८९४ साली बसवलेल्या पाण्याच्या टर्बाइनवर चालतात, हे कळल्यावर ते नदी कुठून आत घेतलीय ते बघून आले. परतताना गाडीत म्हणाले, "आपल्या दारातल्या झाडांचं काय करतीस गं?"

आमच्या घरामागे सफरचंदाची दोन जुनी झाडं आहेत. पूर्वी इथे बाग होती, तिची ती उरलेली. फळं लहान, आंबट, डाग पडलेली. दरवर्षी निम्मी हरणं खातात, निम्मी कुजतात. मला त्याचं वाईट वाटायचं, पण इलाज सुचला नव्हता.

आपली फळं पिळून देणाऱ्या मिल थोड्या असतात. पाच-सहा फोन केल्यावर तासाभराच्या अंतरावर एक छोटी, घरगुती मिल मिळाली. किमान पाच बुशेल फळं हवीत आणि आधी वेळ ठरवायची, एवढंच त्यांनी सांगितलं. एक बुशेल म्हणजे साधारण १९ किलो. आम्ही शनिवारची वेळ घेतली, दोन दिवस खपून चार बुशेल गोळा केली, एक बुशेल विकत घेतली आणि गेलो.

आणि तसेच परत आलो. मिलच्या मालकीणबाईंनी पहिल्याच खोक्यातलं एक फळ उचललं, त्याला चिकटलेलं गवत बघितलं आणि विचारलं, "ही खाली पडलेली आहेत का?" होती. वाकून वेचणं सोपं, म्हणून मी बहुतेक गवतातलीच वेचली होती. त्यांनी शांतपणे नकार दिला. जमिनीवर हरणांची विष्ठा असते, तिच्यातून ई. कोलाय हा जंतू फळावर येतो आणि एका खोक्यामुळे सगळा घाणा बिघडतो. १९९६ साली पश्चिमेकडच्या राज्यांत न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून कितीतरी जण आजारी पडले आणि एक लहान मूल दगावलं. १९९८ पासून न तापवलेल्या रसाच्या बाटलीवर इशारा छापणं सक्तीचं झालं. मोठ्या मिल आता रस गरम तरी करतात, नाहीतर अतिनील किरणांखालून नेतात. मला फार लाजल्यासारखं झालं, कारण हे मला माहीत असायला हवं होतं. घरात चार वर्षांची मुलगी आहे माझ्या.

आबा मात्र त्या बाईंवर खूश झाले. "मालावर नजर हाय तिची," म्हणाले.

पुढच्या वेळेला दोन आठवडे होते आणि त्यांचं आबांनी सोनं केलं. शिडी आणली, नवरा वर आणि आबा खाली. देठ पिरगळून एकेक फळ काढायचं, ओढायचं नाही, टाकायचं नाही. सगळी फळं गॅरेजमध्ये लाकडी खोक्यांत सावलीला ठेवली. इथले लोकही पिळण्याआधी फळं अशी आठवडा-दोन आठवडे ठेवतात, म्हणजे उरलेल्या स्टार्चची साखर होते आणि गर मऊ पडतो. आबांना हे कुणी सांगावं लागलं नाही. आमच्याकडे आंब्याची अढी लावतात, तसंच. रोज सकाळी चहा घेतला की ते गॅरेजमध्ये जाऊन अंगठ्याने फळ दाबून बघायचे, एखादं नासलेलं निघालं की बाजूला काढायचे. आठव्या-नवव्या दिवशी गॅरेजचं दार उघडलं की वास अंगावर यायचा.

मालकीणबाईंनी एक गोष्ट आधीच सांगून ठेवली होती: एका जातीच्या फळाचा सायडर सपक लागतो. थोडी गोड, थोडी आंबट, थोडी तुरट अशी मिसळ हवी. आमची आंबट होती, म्हणून विकतच्या बुशेलमध्ये गोड गोल्डन डेलिशियस घेतली.

दुसऱ्या शनिवारी फळं पास झाली. आधी पाण्याच्या टाकीत धुतली, मग पट्ट्यावरून वर जाऊन चक्कीत पडली आणि खाली तपकिरी, पाणचट लगदा यायला लागला. पुढचं काम मी जवळून बघितलं. लाकडी पट्ट्यांच्या जाळीवर एक चौकट, चौकटीत तिरकं अंथरलेलं जाड फडकं. त्यात दोन बोटं जाडीचा लगदा ओतून हाताने सारखा करायचा, फडक्याची चारही टोकं आत दुमडायची, चौकट उचलायची, वर दुसरी जाळी ठेवायची. असे एकावर एक नऊ थर झाले. अजून दाब दिलाही नव्हता, तरी नुसत्या वजनाने चारी बाजूंनी रस गळायला लागला होता. मग हायड्रॉलिक प्रेस सावकाश वर चढली. घाई केली तर फडकं फाटतं आणि रस आतच अडकतो. गांधीलमाश्या घोंगावत होत्या, पण कुणी त्यांना हाकलत नव्हतं.

आबांनी नळीखाली बोट धरलं, रस अंगठ्यावर घेऊन दोन बोटांत ताणून बघितला. काकवीची तार बघायची त्यांची जुनी सवय. "गोडी हाय," म्हणाले आणि पेला मागितला. मी दिला नाही. स्वतःच्या फळांचा रस ही मिल कच्चाच परत देते, आणि लहान मुलं, गरोदर बाया, म्हातारी माणसं यांनी तो तापवल्याशिवाय पिऊ नये. आबा रागावले. "गुऱ्हाळात कधी कुणी तापवून दिला व्हय रस?" मी हट्ट सोडला नाही. ते गप्प बसले, आणि मला ते लागलं. पण आजही मी तसंच करेन.

थर सोडले तेव्हा फडक्यातून कोरड्या, चपट्या वड्या निघाल्या. आबांनी एक हातात घेऊन मोडली. "ही तर पेंड झाली की!" हा चोथा जवळचा एक शेतकरी गुरांना नेतो, हे ऐकून त्यांचा राग पुरता गेला.

आम्हाला पाच बुशेलचा सुमारे ५५ लिटर सायडर मिळाला. घरी थर्मामीटर लावून ७१ अंशांवर नेला आणि लगेच गार केला. काही शेजाऱ्यांना दिला, बराचसा गोठवला. गोठवताना बाटली काठोकाठ भरायची नाही, फुटते. फ्रिजमध्ये आठवडाभरच चांगला राहतो, मग चिरचिरायला लागतो. चवीला बाजारच्या गाळीव रसापेक्षा कितीतरी दाट: आधी गोड, मग आंबट, आणि जिभेच्या कडेला थोडा तुरटपणा उरतो, तो आमच्या झाडांचा.

आठ लिटर मात्र आबांनी मागून घेतला. अमेरिकेत इंग्रजांचं राज्य होतं त्या काळापासून इथल्या घरांत सायडर आटवून त्याचा पाक करायची पद्धत होती, साखर महाग होती तेव्हाची. आबा चार तास गॅसपाशी उभे राहिले. माझं सगळ्यात पसरट पातेलं, हातात झारा. फेस आला की काढायचा, ढवळायचं, परत काढायचा. आमच्या गुऱ्हाळात मळी वर आणायला भेंडीच्या झाडाचा चीक घालतात, इथे त्याची गरज पडली नाही. शेवटच्या अर्ध्या तासात त्यांनी मला जवळ येऊ दिलं नाही, कारण तिथे एक मिनिट चुकलं तरी करपतं. रंग मधासारखा, मग तांबूस, मग काळपट झाला. थंड ताटलीवर थेंब टाकून त्यांनी बोट फिरवलं, मागे वाट उरली, तेव्हा गॅस बंद केला. लिटरभरापेक्षा थोडा जास्तच भरला.

त्यातली एक बाटली टॉवेलात गुंडाळून त्यांनी सुटकेसमधून कोल्हापूरला नेली. चार दिवसांनी फोन आला. आमच्या गुऱ्हाळावरच्या गुळव्याने ती सफरचंदाची काकवी भाकरीबरोबर खाल्ली होती आणि त्याने एकच विचारलं होतं: किती तास चढवली होती?