खंबाटकीत खाली आलेला काटा

शनिवारी पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये गाडीचा वॉटर पंप, म्हणजे इंजिनात कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) फिरवणारा पंप, बदलून घेतला आणि संध्याकाळी साताऱ्याला निघाले. साताऱ्याकडचं खंडाळा मागे टाकून खंबाटकीचा घाट चढायला लागले तसा टेंपरेचरचा काटा वर सरकू लागला. एसी बंद केला. तेवढ्यात काटा झपकन खाली आला, पार निम्म्याच्याही खाली. वाटलं, सुटले. आणखी दोन वळणं चढले आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली.

गाडी कडेला घेऊन अण्णांना फोन लावला. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत.

"तायडे, रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नको. कुलंटची बाटली बघ आधी."

"भरलीय की काठोकाठ."

"मग रेडिएटर रिकामा असणार. एअर धरलीय गाडीनं."

काटा खाली का आला, ते त्यांनी फोनवरच समजावलं. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, हवा साठली की तो कोरडा पडतो आणि काटा उतरतो, आणि इकडे हेड भाजत असतं. गरम झालेली हवा फुगून कुलंटला झाकणातून बाटलीत ढकलते, म्हणून बाटली भरलेली दिसते. झाकणाचं म्हणाल तर आमच्या झाकणावर ०.९ लिहिलंय, म्हणजे ०.९ बार. बाहेरच्या हवेपेक्षा तेवढ्या जादा दाबाखाली पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. गरम असताना झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं एकदम उसळून अंगावर येतं. दीड तास थांबले, मग फडकं धरून झाकण उघडलं, दोन बाटल्या पाणी ओतलं आणि हळूहळू घर गाठलं.

सकाळी अण्णांनी गाडी गल्लीच्या चढावर तोंड वर करून लावायला सांगितली. हवा वर चढते, तिला झाकणापर्यंत वाट हवी. चाकांना दगड लावले. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर, म्हणजे हीटरच्या जाळीतलीही हवा निघते. थर्मोस्टॅट म्हणजे कुलंट तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप; तिच्या घरावर एक छोटा स्क्रू असतो, तो दोन आटे सैल केला आणि मी कुलंट अगदी बारीक धारेनं ओतत राहिले. स्क्रूपाशी आधी नुसतं फुस्स, मग फेस, मग साबुदाण्याएवढे बुडबुडे थुंकल्यासारखे. बराच वेळ तसंच. एकदाची हिरवी धार लागली, मध्ये तुटेना, तेव्हा अण्णांनी स्क्रू आवळला.

"आता स्टार्ट कर. अन् ती ओढणी आत ठेव, फॅन कधीही लागतो."

झाकण उघडंच ठेवून, नरसाळं लावून गाडी चालू ठेवली. अण्णा वरचा होज पाइप मुठीत दाबून सोडायचे आणि प्रत्येक दाबाला नरसाळ्यात दोन-चार बुडबुडे फुटायचे. वीसेक मिनिटं पाइप कोमटच होता. मग एकाएकी हात ठेववेना इतका तापला. थर्मोस्टॅट उघडला होता, आमचा ८२ अंशांचा आहे. त्याच क्षणी नरसाळ्यातलं कुलंट गडप झालं, अर्धा लिटर तरी आणखी लागलं. फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत अण्णा हलले नाहीत. हीटरमधून कढत वारा यायला लागला तेव्हा कुठे मान डोलावली.

हेडखालचं पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, गेलं असतं तर बुडबुडे थांबलेच नसते. तरी अण्णांनी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून ऑइल बोटावर घेतलं. दुधाळ नव्हतं, म्हणजे त्यात कुलंट मिसळलं नव्हतं. तिथे मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

सांडलेलं कुलंट लगेच बादलीभर पाण्यानं धुऊन काढलं. ते गोडसर असतं आणि विषारीही, आणि आमच्या गल्लीत मांजरं फार.

मला राग गॅरेजवाल्यांचा याचाच आहे. पंप नीट बसवला, क्लिपा नव्या लावल्या, आणि वरून कुलंट ओतून पंधरा मिनिटांत चावी हातात दिली. हा तासभर त्यांनी द्यायला हवा होता. पंप बदलणाऱ्यानं एअर काढली का, ते विचारा, आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तिथून निघू नका.

सोमवारी थंड गाडीचं झाकण उघडलं तर पातळी बोटभर खाली होती. भरली. मंगळवारी काठोकाठ. आत जाऊन अण्णांना सांगितलं.

"आणखी दोन दिवस बघ," म्हणाले.