तुम्ही विचारलंत म्हणून: दुकानात पिशवी का ठेवत नाही?

रोज कोणीतरी विचारतंच. "एवढं वाईतलं जुनं किराणा दुकान, आणि साधी कॅरीबॅग नाही?" मी "नाही ठेवत" म्हणतो आणि वजनाला हात घालतो. गर्दीत उत्तर देता येत नाही, कारण ते लांब आहे. आज एकदाच सांगतो.

बंदी आहे म्हणून नाही, हे आधी कबूल करतो. मार्च २०१८मध्ये राज्याने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा सापडलं तर ५,००० रुपये. मी सापडलो. चिप्सची पाकिटं आणि शांपूच्या पुड्या बनवणारे मोकळे, आणि पाच हजार किराणावाल्याच्या गल्ल्यातून! हे म्हणणं मी आजही मागे घेत नाही. पण त्याच्या आडून मी काय केलं तेही ऐका. पिशव्यांचा गठ्ठा गल्ल्याखाली सरकवला आणि ओळखीच्या गिऱ्हाइकांना देत राहिलो.

दुकानामागच्या आळीत एक मावशी राहतात. यजमान गेल्यावर त्यांचं घर तांबूच्या दुधावर चालायचं. सकाळची धार काढली की गाय मोकळी सोडायच्या आणि ती कोपऱ्यावरच्या कचऱ्याशी जाऊन उभी राहायची. २०१९च्या पावसाळ्यात तिने खाणं सोडलं. रवंथ बंद, डावी कूस टम्म फुगलेली. वर सात महिन्यांची गाभण. डॉक्टर म्हणाले, पोट उघडावं लागेल. धरायला माणसं हवी होती म्हणून मला हाक मारली.

गाईचं हे ऑपरेशन ती उभी असतानाच करतात, कुशीत भूल देऊन. मी तोंडाशी दावं धरून होतो. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हात आत घातला आणि ओढायला लागले. बाहेर आला तो पिशव्यांचा पीळ, दोरखंडासारखा. एक ओढली की तिच्यात गुंतलेली दुसरी. सुतळी निघाली, एक मोजा निघाला. एका पिशवीची तर गाठसुद्धा सुटली नव्हती, आत भाजीची देठं तशीच. डॉक्टर ओढता ओढता सांगत होते, गाईला वरचे पुढचे दात नसतात, जिभेने गोळा करते आणि गिळते. शेळीसारखं ओठांनी निवडत बसत नाही. खरकटं बांधून फेकलं की ते पिशवीसकट पोटात जातं. अन्न पचतं, पिशवी तिथेच राहते. तीन घमेली भरली. तेवढ्या वेळात तांबू मधूनमधून माझं मनगट चाटत होती.

मी त्या ढिगात आमची पिशवी शोधत होतो. आमच्या पिशव्या पांढऱ्या, नाव न छापलेल्या. बाजारात सगळ्यांकडे त्याच. ओळखू येईना. आमची नव्हती, असं मात्र म्हणता आलं नाही.

पाचव्या दिवशी तांबू गेली. पोटातल्या वासरासकट.

त्याच दिवशी मी पिशव्या बंद केल्या असं लोक समजतात. नाही केल्या. पुढे दीड महिना देत होतो. मग एका सकाळी मावशी साखर आणि चहापूड घ्यायला आल्या. सवयीने माझा हात गल्ल्याखाली गेला. त्यांनी पदर पुढे केला. "यात घाल रे." आवाजात राग नव्हता. दुसरं काही बोलल्या नाहीत. मी दोन्ही पुडे पदरात ठेवले, त्यांनी ओचा सांभाळला आणि गेल्या. संध्याकाळी गठ्ठा बाहेर काढला.

आता तुमचे पुढचे प्रश्न. जाड पिशवी चालते ना? केंद्राने १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग बंद केल्या, पण आपल्या राज्यात २०१८पासून कॅरीबॅग जाड असली तरी बंदच. आणि हाताला कापडासारख्या लागणाऱ्या त्या रंगीत पिशव्यांना काडी लावून बघा, वितळून थेंब पडतात. तेही प्लॅस्टिकच.

"तुमच्या एकट्याने काय होणार?" याला माझ्याकडे उत्तर नाही. कृष्णेचं पाणी ओसरलं की काठच्या झुडपांना पिशव्या अजून लटकलेल्याच असतात. जवळच्या दुसऱ्या दुकानात पिशवी मिळते, गिऱ्हाईक तिकडे जातं. महिन्याच्या शेवटी हिशेब करताना बायको काही बोलत नाही, वही माझ्याकडे सरकवते.

आणि माझ्या दारात शांपूच्या पुड्यांच्या माळा आजही आहेत. खाद्यतेल सुटं विकायला कायद्यानेच मनाई, म्हणून तेही पिशवीतलं. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना तर भंगारवालाही हात लावत नाही. ही सगळी काढली तर दुकानच उरत नाही. २०१८चा मी विचारतो, मग कॅरीबॅगपुरता हट्ट कशाला? त्याला मी एवढंच सांगतो, ती मी स्वतःच्या हाताने देत होतो, फुकट, कोणी मागायच्या आत. त्याचं समाधान होत नाही. माझंही रोज होत नाही.

जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून घेतल्यात. दहा रुपये ठेव, पिशवी परत आणा, पैसे न्या. बऱ्याचशा परत येत नाहीत. वडील छताला टांगलेल्या रिळाच्या दोऱ्याने पुडे बांधायचे, ते मी पुन्हा शिकलो.

मावशींनी नंतर गाय घेतली नाही. रोज सकाळी माझ्याकडून अर्धा लिटर दूध नेतात, पिशवीतलं. रिकामी पिशवी धुऊन, वाळवून दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर ठेवतात. मी ती भंगारवाल्यासाठी खिळ्याला टोचून ठेवतो. त्यावर आम्ही दोघं कधी बोललेलो नाही.