तळाला पडलेली तबकडी

जुन्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या रेकॉर्ड्स डिजिटल करून देणं हे माझं काम. मागच्या पावसाळ्यात गिरगावातल्या एक काकू पिशवीभर रेकॉर्ड्स घेऊन आल्या, सगळं नाट्यसंगीत, बालगंधर्व, हिराबाई, आणि तळाला एक बिनकव्हरची, बुरशीने पांढरी झालेली. "ही कसल्याशा बँडची आहे रे, ह्यांनी आणलेली. स्पिरिटने पुसू का?" मी हातातून काढूनच घेतली हो! लाखेच्या तबकडीला स्पिरिट लागलं की लाखच विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवून हळूहळू गोल फिरवत धुतली, बुरशी निघाली आणि लेबलवर नाव दिसलं, चिक चॉकलेट.

अंगावर काटा आला. चिक चॉकलेट म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा, जन्म १९१६, मुंबईच्या ताज हॉटेलात बँड घेऊन ट्रंपेट वाजवायचा, लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग (अमेरिकेतला मोठा जॅझ ट्रंपेटवाला) म्हणायचे. आपल्या संगीतकार सी. रामचंद्रांबरोबर त्याने किती काम केलं, 'अलबेला' सिनेमात (१९५१) तर पडद्यावरही दिसतो, पण सिनेमाच्या रेकॉर्डवर गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव, ट्रंपेटवाल्याचं कुठेच नाही. १९६७ला गेला. आणि इथे लेबलवर तो स्वतःच्या नावाने.

एलपीची, म्हणजे नंतरच्या लाँग-प्ले रेकॉर्डची, सुई ७८ला चालत नाही, खाच रुंद असते, म्हणून जाडी सुई लावली. कडेपासून आत एक केसासारखी चीर होती, सुरुवातीला दर फेऱ्याला टक्, टक्, आणि त्या टकटकीतून ट्रंपेट वर आला, एकदम स्वच्छ, स्वर थोडा ओढून मग सोडून देतो ना, तसा. तीन मिनिटं कशी गेली कळलंच नाही.

टक्टक् मी एकेक करून हाताने काढली, संध्याकाळ गेली त्यात. खरखर मात्र मुद्दाम ठेवली, कारण सॉफ्टवेअरने ती पूर्ण पुसली की ट्रंपेटची धारही बोथट होते, असं पुसणं मला अजिबात पटत नाही, जुनं रेकॉर्डिंग गुळगुळीत करून देणाऱ्यांशी मी नेहमी भांडतो.

दुसऱ्या दिवशी काकूंना हेडफोन लावून दिले. डोळे मिटून ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "अगंबाई, हे तर आमच्या सिनेमातल्यासारखं वाजतंय." म्हटलं, काकू, सिनेमात वाजवणारा हाच.

"मग परत लाव."