पान नंबरासाठी चार चकरा – माझा अनुभव

आधी एकच सांगते, कुठलंही जुनं रजिस्टर समोर उघडलं की पहिल्यांदा पान नंबर लिहून घ्या, नाव-गाव नंतर. मी ते केलं नाही आणि माझे चार महिने त्यात गेले, अजून आठवलं की चिडचिड होते.

घराण्याची वंशावळ मी ग्रॅम्प्स नावाच्या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये करतेय, फुकट आहे आणि सगळं आपल्याच लॅपटॉपवर राहतं. माणसं भरायला वेळ लागत नाही, दिवाळीच्या सुट्टीत दीडशे भरून झाली. मग चुलत भावाने विचारलं, "आजोबांची जन्मतारीख 1 जून 1931 कशावरून?" म्हटलं शाळेच्या दाखल्यावरून. तो म्हणाला अगं गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस 1 जूनलाच येतो, नाव घालताना गुरुजी अंदाजाने वय धरून तीच तारीख टाकायचे. ते मला लागलं. तेव्हापासून ठरवलं, प्रत्येक तारखेला सोर्स जोडायचाच.

आता ग्रॅम्प्समध्ये सोर्स म्हणजे अख्खं रजिस्टर, सायटेशन म्हणजे त्यातली आपली नेमकी नोंद आणि रिपॉझिटरी म्हणजे ते रजिस्टर जिथे ठेवलंय ती जागा. हे मला उशिरा कळलं, तोवर एकाच कोतवाल बुकाचे, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या रजिस्टरचे, अकरा सोर्स करून ठेवले होते, ते सगळे मर्ज करत बसावं लागलं. सोर्स एकदाच बनवा आणि दरवेळी फक्त नवीन सायटेशन घाला. आणि सायटेशन माणसाला जोडू नका, घटनेला जोडा, जन्माला, लग्नाला, मृत्यूला, नाहीतर सहा महिन्यांनी आपल्यालाच कळत नाही की हा कागद नक्की कशाचा पुरावा होता.

तर आजोबांसाठी तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकाच्या, म्हणजे गाव नमुना 14 च्या नकलेसाठी अर्ज केला. तीन आठवड्यांनी नक्कल आली. मोडीत होती, ओळखीच्या एका काकांनी वाचून दिली: ऑक्टोबर 1929, बापाचं नाव आमच्या पणजोबांचं, आणि पुढे नुसतं 'मुलगा'. बाळाचं नाव नाहीच, कारण नोंद व्हायची तेव्हा बारसं झालेलं नसायचं. मला इतका आनंद झाला की लगेच 1929 टाकून कॉन्फिडन्स, म्हणजे पुराव्यावर किती भरवसा ते, 'हाय' केला आणि दाखल्याची तारीख पर्यायी जन्म म्हणून खाली ढकलली.

फक्त व्हॉल्यूम/पेजची चौकट रिकामी राहिली. झेरॉक्सवर पान नंबर ज्या कोपऱ्यात असतो नेमका तिथेच गोल शिक्का मारला होता, जांभळ्या शाईखाली काहीही दिसत नव्हतं. म्हटलं जाऊन विचारून येऊ, पाच मिनिटांचं काम.

गेले. "नक्कल मिळाली ना तुम्हाला? मग पान नंबर कशाला पाहिजे?" मी समजावून सांगितलं की उद्या माझ्या मुलीला किंवा भावाला हीच नोंद परत काढायची झाली तर कुठे बघणार. त्यांनी ऐकून घेतलं आणि नवीन अर्ज करा म्हणाले. पुन्हा अर्ज, पुन्हा कोर्ट फी स्टॅम्प. तिसऱ्यांदा गेले तर तो बस्ता, म्हणजे रजिस्टरांचं गाठोडं, स्कॅनिंगला गेला होता, कधी येईल कोणी सांगेना. घरून जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो हो, रजा टाकावी लागते, आणि हातात काय तर 'पुढच्या महिन्यात बघा'. घरचे म्हणायला लागले सोड ना, एका आकड्याने काय होतंय. मला सोडवेना.

(मध्येच आठवलं म्हणून, कागदावर शके असेल तर इसवी सनासाठी 78 मिळवा, जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखेला 79. मूळ तिथी सायटेशनच्या नोटमध्ये जशीच्या तशी ठेवा.)

चौथ्या खेपेला मोडीवाल्या काकांना सोबत नेलं. तिथल्या एका वयस्कर शिपाईमामांनी बस्ता सोडला, रजिस्टर शोधलं, पान 47. मी लिहून घेतलं, डोळ्यात पाणीच आलं. काका मात्र सवयीने पुढची पानं वाचत राहिले आणि थांबले. जून 1930, मृत्यूची नोंद, तेच पणजोबा, मुलगा, वय आठ महिने.

म्हणजे मी आजोबा म्हणून ज्याला 'हाय' दिला होता तो त्यांचा मोठा भाऊ होता, जो असल्याचं घरात कोणालाच माहीत नव्हतं.

मग मामांना विनंती करून 1931 पर्यंत पाहिलं. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा पणजोबा, पुन्हा 'मुलगा'. आत्या कायम सांगायची की बाबा पोळ्याला झाले, मी ते कधी नोंदवलंच नव्हतं, म्हाताऱ्या माणसांचं बोलणं म्हणून. जुनं पंचांग मिळवलं, श्रावण अमावस्या त्याच आठवड्यात होती. म्हणजे दाखल्यातलं वर्ष बरोबर, महिना-दिवस गुरुजींचा. आता आत्याचं सांगणंही वेगळा सोर्स केलाय, कोणी सांगितलं, कधी, कुठे बसून. तुम्हीही करा, फोनवर रेकॉर्ड केलंत तर ती फाईल सायटेशनच्या गॅलरीत जोडता येते. नकलेचा फोटोही तिथेच, पण शिक्का बसायच्या आधी कोपरा बघून घ्या.

आजोबांच्या 1931 च्या नोंदीला कॉन्फिडन्स 'हाय' ठेवलाय, 'व्हेरी हाय' नाही, कारण नाव तिथेही लिहिलेलं नाहीये.

आणि त्यांच्या आधी एक नवीन माणूस घातलाय. नावाची चौकट रिकामी, आडनाव आमचं, जन्म ऑक्टोबर 1929, मृत्यू जून 1930, दोन सायटेशन, पान 47 आणि पान 52.